लस आली, पण सेशन झालं का?

लसीकरणाची बातमी म्हटली की फोटो ठरलेला असतो, एक मंत्री बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकतोय, मागे मोठा बॅनर, बाजूला टाळ्या वाजवणारे अधिकारी. खाली ओळ की एवढ्या कोटी मुलांना एवढ्या दिवसांत डोस देणार. माझा मोहिमांना विरोध वगैरे अजिबात नाही, पोलिओ जगातून जवळपास गेला तो अशाच मोहिमांनी. पण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत लहान मुलांच्या लसीकरणाचं खरं दुखणं ह्या फोटोत कधीच येत नाही, कारण ते भयंकर कंटाळवाणं आहे. ठरलेल्या तारखेला ठरलेल्या जागी लसीकरणाचं सेशन झालं का, एवढंच ते दुखणं आहे. दर महिन्याला, पावसात, सणात, संपात, नर्सबाई रजेवर असताना सुद्धा. माझं म्हणणं असं की ड्रोन, अॅप, नवीन नवीन लसी हे सगळं ह्या एका प्रश्नाच्या नंतर यायला पाहिजे, आणि सध्या नेमकं उलटं चाललंय.

थोडा मागचा इतिहास. जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ मध्ये सगळ्या जगासाठी लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला, तेव्हा गरीब देशांतल्या ५ टक्के मुलांना पण ह्या लसी मिळत नव्हत्या. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, गोवर असे सहाच आजार त्यात होते. मग ऐंशीच्या दशकात युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट मागे लागले, १९९० पर्यंत ८० टक्के मुलं झालीच पाहिजेत, आणि अनेक देशांनी खरंच धावपळ करून ते जमवलं. आणि नंतर? १९९० उलटलं, देणगीदारांचं लक्ष दुसरीकडे गेलं, आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत टक्केवारी पुन्हा घसरली. बाहेरून ढकलून वर नेलेला आकडा होता, ढकलणारा थांबला की खाली येणारच. हा धडा तेव्हाच शिकायला हवा होता, पण आपण तो दर पंधरा-वीस वर्षांनी नव्याने शिकतो.

तरीही जे झालं ते छोटं नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात ह्या ५० वर्षांत लसींनी साधारण १५ कोटी ४० लाख जीव वाचवले असा अंदाज आहे आणि त्यातले ६० टक्के एकट्या गोवराच्या लसीने. गोवर! ज्याला अजूनही लोक "येतो आणि जातो" म्हणतात तो.

आता सध्याची स्थिती बघा. २०२४ चे जागतिक आकडे सांगतात की घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा तिसरा डोस ८५ टक्के बाळांना मिळाला. जवळजवळ २ कोटी बाळांचा किमान एक डोस तरी हुकला, आणि त्यातल्या १ कोटी ४३ लाख बाळांना एकही डोस नाही, ह्यांना झिरो डोस मुलं म्हणतात. निम्म्याहून जास्त झिरो डोस मुलं फक्त नऊ देशांत आहेत, नायजेरिया पहिला, भारत पण त्या यादीत (भारताचा आकडा एका वर्षात १६ लाखांवरून ९ लाखांवर आला, हे मात्र सांगितलं पाहिजे). उरलेली साधारण ५७ लाख बाळं म्हणजे ज्यांना पहिला डोस मिळाला पण तिसऱ्यापर्यंत ती पोचली नाहीत.

ह्या दुसऱ्या गटाकडे मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं. कारण झिरो डोस मूल बऱ्याचदा युद्धात, डोंगरात, निर्वासितांच्या छावणीत किंवा नकाशावरच नसलेल्या वस्तीत असतं, तिथे पोचणं खरंच अवघड आहे. पण जी आई सहाव्या आठवड्याला बाळाला घेऊन एकदा आली, रांगेत उभी राहिली, टोचून घेतलं, रात्रभर तापाने रडणारं बाळ सांभाळलं, ती लसीच्या विरोधात आहे असं कसं म्हणणार? ती दहाव्या किंवा चौदाव्या आठवड्याला का आली नाही ह्याचं उत्तर तिच्या अडाणीपणात शोधण्याची आपल्याला फार वाईट सवय आहे. "लोकांमध्ये जागृतीच नाही हो" हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं आणि सगळे माना डोलावतात, कारण त्या वाक्यात सिस्टिमचा काही दोष उरत नाही.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३४ गावांत केलेला प्रयोग ह्यावर अगदी नेमका आहे, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत काहीच वेगळं केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं फक्त ६ टक्के. काही गावांत एवढंच केलं की दर महिन्याला ठरलेल्या दिवशी कॅम्प होणार म्हणजे होणारच, आणि गावातलं कोणीतरी आयांना त्याची माहिती देणार, तिथे १८ टक्के. आणि काही गावांत असा भरवशाचा कॅम्प अधिक दर डोसला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाले की ताटांचा सेट, तिथे ३९ टक्के. लोकांना ह्यातली डाळच लक्षात राहते, कारण ती मजेशीर आहे, आणि त्यावर मग भांडणं, लाच देऊन लस द्यायची का वगैरे. माझं लक्ष मधल्या आकड्यावर जातं. काही न वाटता, फक्त वेळेवर हजर राहून आणि तसं लोकांना सांगून टक्केवारी तिप्पट झाली. त्याच भागातल्या आधीच्या पाहणीत उपकेंद्रावर नर्स निम्म्याच्या आसपास वेळा सापडतच नव्हती. म्हणजे आई चालत येते, दाराला कुलूप, मग पुढच्या वेळी ती येत नाही आणि आपण रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहितो "नकार".

डाळीबद्दलही एक गोष्ट सांगून टाकतो. लोकांना वाटतं फुकट वाटणं महाग पडतं. तिथे उलट निघालं, पूर्ण लसीकरण झालेल्या दर मुलामागे खर्च डाळ दिलेल्या गावांत कमी आला, कारण नर्स आणि गाडीचा खर्च तोच, मुलं दुप्पट.

बरं, सेशन झालं, नर्स आली, आई आली, तरी डोस हुकतो. कसा? गोवराची लस आणि बीसीजी (क्षयाची लस) ह्या पावडरीच्या रूपात येतात, पाण्यात मिसळल्या की काही तासांत वापराव्या लागतात, जागतिक नियमाप्रमाणे ६ तास, भारतात ४. बऱ्याच देशांत एका कुपीत दहा डोस. आता एका छोट्या वस्तीवर गोवराच्या डोसाला आलेलं बाळ एकच असेल तर नर्स काय करते? कुपी फोडली तर नऊ डोस वाया, आणि वरून साहेब विचारणार वेस्टेज इतकं का. मग ती म्हणते "पुढच्या महिन्यात या, चार-पाच मुलं जमली की देऊ". कागदावर नियम असा की एका मुलासाठी पण कुपी उघडायची, पण वेस्टेजचा जाब विचारणारा माणूस नियमापेक्षा जवळ असतो. ह्या पद्धतीने किती डोस हुकतात हे बाहेरच्या कोणाला दिसत नाही, कारण रजिस्टरमध्ये ह्याचा रकानाच नाही. पाच डोसांची कुपी मिळते, दर डोसाला थोडी महाग पडते, पण हुकलेलं बाळ नंतर गोवर घेऊन दवाखान्यात आलं तर किती महाग पडतं हे खरेदी विभागाच्या हिशोबात येत नाही. जिथे वस्त्या विखुरलेल्या आहेत तिथे लहान कुपी घ्यावी, वेस्टेजचा प्रश्न नर्सला विचारणं बंद करावं, आणि परत पाठवलेल्या बाळांचा प्रश्न विचारायला सुरुवात करावी. ह्याला कुठलीही परदेशी टेक्नॉलॉजी लागत नाही.

कोल्ड चेनचं, म्हणजे लस बाळापर्यंत थंड ठेवत नेण्याच्या साखळीचं, पण तसंच. सगळ्यांना वाटतं लस गरम झाली की बिघडते, ते खरं आहेच, आणि त्यासाठी कुपीवर चौकोन-वर्तुळाचं ते हुशार लेबल १९९६ पासून आहे, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की फेकून द्या. पण पेंटाव्हॅलंट (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वातासह पाच आजारांची एकत्र लस), हिपॅटायटिस बी ह्या लसी गोठल्या तरी खराब होतात आणि ते लेबल गोठणं दाखवत नाही! फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक तसेच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात, कोंबून वर लस ठेवली की झालं काम. आईसपॅक थोडा वेळ बाहेर ठेवायचा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे, मग भरायचा. ही गोष्ट कोणीतरी बाजूला उभं राहून शिकवावी लागते, आणि सुपरव्हायझरला गाडी नाही, पेट्रोल नाही, म्हणून तो वर्षातून एकदा येतो आणि सह्या करून जातो.

आता मोहिमांकडे परत. नायजेरियाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. पोलिओसाठी तिथे काय नाही केलं, घरोघरी, नदीपार, बोको हराम ह्या दहशतवादी संघटनेच्या भागात सुद्धा, आणि शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. त्याच देशात २०१६-१७ च्या सर्वेक्षणात पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस मिळालेली मुलं किती निघाली? ३३ टक्के. म्हणजे ज्या दारावर पोलिओवाले पुन्हा पुन्हा जाऊन खडूने खुणा करत होते त्याच दारामागच्या दोन-तृतीयांश मुलांना साधा घटसर्पाचा डोस पूर्ण नाही. सरकारी नोंदींतले आकडे ह्याच्या कितीतरी वर होते. त्या सर्वेक्षणानंतर सरकारने २०१७ मध्ये नियमित लसीकरणाची आणीबाणी म्हणून वेगळं केंद्र काढलं, ते चांगलंच केलं, पण त्याला पण शेवटी आणीबाणीच म्हणावं लागलं ना, त्याशिवाय कोणी हलत नाही.

कॉंगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१९ मध्ये इबोलाची साथ होती, सगळ्या जगाचे कॅमेरे तिकडे. त्याच वेळी त्याच देशात गोवराने ६ हजारांवर माणसं मेली, बहुतेक लहान मुलं, इबोलाच्या बळींच्या दुपटीपेक्षा जास्त. गोवराची लस तर साठच्या दशकापासून आहे आणि स्वस्त आहे, फक्त ती मुलांपर्यंत नियमित पोचत नव्हती. त्या देशाने २०१८ मध्येच एक योजना काढली होती, माशाको नावाच्या माजी आरोग्यमंत्र्यांच्या नावाने, आणि त्यात मला आवडलेली गोष्ट ही की त्यांनी टक्केवारीच्या आधी ठरलेली सेशन्स आणि झालेली सेशन्स मोजायला घेतली. बरीच ठरलेली सेशन्स होतच नव्हती. ती वाढवली, तशी लसीकरण झालेली मुलं वाढली.

मोहिमेच्या बाजूने बोलणारे म्हणतील की अहो साथ आली तर काय नियमित सेशनची वाट बघत बसायचं का? नाही, साथीत मोहीम हवीच. गोवराला ९५ टक्के मुलांना दोन डोस लागतात, जगात २०२४ मध्ये दुसरा डोस ७६ टक्क्यांवर होता, तेवढी फट असल्यावर मधून मधून मोहीम काढून ती बुजवावीच लागते. आणि पोलिओच्या यंत्रणेचा दुसरीकडे फायदा झालाच नाही असंही नाही, २०१४ मध्ये नायजेरियाच्या लागोस शहरात इबोला पसरायच्या आत आवरला तो ह्याच पोलिओवाल्या टीमच्या जोरावर. पण मोहिमेच्या आठवड्यात नियमित सेशन बंद पडतात हे कोणी बोलत नाही. मोहिमेत भत्ता मिळतो, गाडी मिळते, जेवण मिळतं, आणि दर महिन्याच्या आऊटरीचला, म्हणजे वस्तीवर जाऊन सेशन घ्यायला, नर्सने स्वतःच्या पैशाने जायचं. मग कर्मचारी कशाकडे ओढले जाणार, माणूसच आहेत ते. भारतात २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुषचं मला पटलेलं अंग कुठलं म्हणाल तर वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा, भटक्या वस्त्या शोधून राहिलेल्या मुलांच्या याद्या करणं आणि नंतर त्या जागा नेहमीच्या मायक्रोप्लानमध्ये, म्हणजे कुठे कधी सेशन घ्यायचं ह्या आराखड्यात, घालणं. मोहीम संपल्यावर ती वस्ती प्लानमध्ये राहिली तर मोहीम कामाची, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तीच मुलं शोधत फिरा.

आकड्यांबद्दल. कितीतरी जिल्ह्यांत कव्हरेज १०० टक्क्यांच्या वर जातं, ११०, १२०, आणि कोणाला हसू पण येत नाही. कारण खाली भागायला घेतलेली मुलांची संख्या जुन्या जनगणनेवरून काढलेली, लोक शहरात गेलेत, बाळं वाढलीत, आणि वर लिहिलेले डोस साहेबाला खूश करण्यासाठी गोल केलेले. ज्या कर्मचाऱ्याला कमी आकडा दाखवल्यावर शिव्या बसतात तो खरा आकडा का दाखवेल? डिजिटल केलं तरी हाच खोटेपणा आता टॅबवर होतो, फक्त ग्राफ रंगीत येतो. मुलाची नोंद नावानिशी, आईच्या हातात कार्ड, आणि वर्षातून एकदा बाहेरच्या कोणीतरी थोडी घरं प्रत्यक्ष तपासणं, एवढं केलं तरी पुरे, आणि त्यात कमी निघालं तर शिक्षा करायची नाही, तिथे जास्त माणसं आणि पैसे द्यायचे. हे शेवटचं करायला कुठलंच सरकार तयार नसतं.

विश्वासाचं प्रकरण वेगळं आहे, तिथे मात्र फक्त सेशन घेऊन भागत नाही. सामोआ ह्या दोन लाख वस्तीच्या देशात जुलै २०१८ मध्ये दोन बाळं लस दिल्यावर दगावली. लस चांगली होती, नर्सने पावडरमध्ये पाण्याऐवजी चुकून स्नायू सैल करणारं मुदत संपलेलं औषध मिसळलं होतं. सरकारने कार्यक्रमच थांबवला, कित्येक महिने. लोक घाबरलेलेच राहिले, गोवराच्या लसीचं प्रमाण ३१ टक्क्यांपर्यंत पडलं, आणि २०१९ च्या अखेरीस साथ आली तेव्हा ८३ माणसं गेली, जवळजवळ सगळी लहान मुलं. शेवटी डिसेंबरमध्ये दोन दिवस देश बंद ठेवून, लस न घेतलेल्या घरांवर लाल कापड लावायला सांगून, घरोघरी टोचत फिरले. चूक झाली की चोवीस तासांत काय झालं ते खरं सांगणं आणि बाकीचा कार्यक्रम सुरू ठेवणं ह्याची तयारी आधीच पाहिजे, घटना घडल्यावर समिती नेमून नाही होत ते. आणि काही वेळा विश्वासघात खरोखरच झालेला असतो. २०११ मध्ये अबोटाबादला सीआयएने हिपॅटायटिस बी लसीकरणाच्या बहाण्याने ओसामा बिन लादेन लपलेल्या घरातली माहिती काढायचा प्रयत्न केला, त्याची किंमत पाकिस्तानातल्या पोलिओ कार्यकर्त्या जिवाने मोजतायत. अमेरिकेने २०१४ मध्ये पुन्हा असं करणार नाही म्हणून सांगितलं, पण त्या गावातल्या बापाला तुम्ही कुठल्या तोंडाने म्हणणार की तुझा संशय म्हणजे अंधश्रद्धा आहे?

शहरांचा मुद्दा पण फार दुर्लक्षित आहे. सगळी पद्धत खेड्यासाठी आखलेली, कोणाच्या अंगणात सेशन, ओळखीची कार्यकर्ती, ठरलेली तारीख. बांगलादेशने असंच करून १९७९ मध्ये २ टक्क्यांच्या आसपास असलेलं पूर्ण लसीकरण ८० च्या वर नेलं, गरिबी असताना, पूर येत असताना. पण आता तिथेच शहरातलं प्रमाण खेड्यापेक्षा कमी आहे. झोपडपट्टीत भाड्याने राहणारी, दिवसभर कामावर असणारी आई सकाळी दहा ते दोनच्या सेशनला येणार कशी, एक दिवसाची मजुरी जाते. संध्याकाळी सेशन ठेवा, सुट्टीच्या दिवशी ठेवा. नर्सला त्याचा बदली दिवस द्या. इतकं साधं आहे, तरी होत नाही, कारण सरकारी ऑफिसची वेळ बदलणं लस शोधण्यापेक्षा अवघड असावं बहुतेक.

शेवटी पैसा. गॅव्ही ही गरीब देशांना लसींसाठी मदत करणारी आंतरराष्ट्रीय संस्था २००० मध्ये आली आणि तिच्यामुळे गरीब देशांना महागड्या लसी परवडल्या, हे खरंच मोठं काम. पण जून २०२५ मध्ये अमेरिकेने गॅव्हीचे पैसे थांबवायचं जाहीर केलं, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर हवे होते तिथे ९ अब्जांच्या थोडे वर जमले. शिवाय देशाचं उत्पन्न वाढलं की मदत कमी होत जाते आणि लसीचं बिल स्वतःच्या बजेटवर येतं. अशा वेळी अर्थमंत्री काय कापतात? लसीची खरेदी नाही कापत, ती दिसते. पेट्रोल कापतात, आऊटरीचचा भत्ता कापतात, सुपरव्हिजन कापतात, कार्डांची छपाई लांबवतात. लसीवर १ डॉलर खर्च केला की १६ डॉलर वाचतात असा एक अभ्यास सगळे मांडतात, तो खोटा नाही, पण ते १६ डॉलर वीस वर्षांनी कुठल्यातरी दुसऱ्या मंत्र्याच्या काळात वाचणार असतात.

आणि आता मलेरियाची लस आलीये, २०२४ च्या जानेवारीत कॅमेरूनने नियमित कार्यक्रमात द्यायला सुरुवात केली, नंतर बरेच आफ्रिकी देश. त्याचे चार डोस आहेत आणि चौथा बाळाच्या दुसऱ्या वर्षात. जिथे गोवराचा दुसरा डोस घ्यायला दुसऱ्या वर्षात मुलं परत येत नाहीत तिथे हा चौथा डोस कोण आणि कुठल्या दिवशी देणार आहे? मला विचाराल तर ज्या देशात दहापैकी तीन-चार ठरलेली सेशन्स होत नाहीत तिथे नवीन लसीच्या उद्घाटनाची तारीख एक वर्ष पुढे ढकलावी आणि तेवढे पैसे नर्सच्या प्रवासभत्त्यात आणि दुसऱ्या वर्षातल्या भेटींवर घालावेत. मलेरियाने मरणारी मुलं थांबणार आहेत का असं कोणी विचारेल, आणि तो प्रश्न बरोबर आहे, पण पहिले तीन डोस देऊन चौथ्याला गायब होणारा कार्यक्रम सुद्धा त्यांना पूर्ण वाचवत नाही, आणि त्या वर्षभरात उभी केलेली सेशन्स मलेरियाबरोबर गोवर, पेंटा, सगळ्यांसाठी उभी राहतात.